फोटोंची बदली नको, जोडी हवी

(गणेशोत्सवातील संध्याकाळच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



दरवर्षी गणपतीत माझी जागा ठरलेली असते. स्टेजच्या मागे, वायरिंगच्या बोर्डापाशी. रेल्वेत सिग्नलचं काम करतो म्हटल्यावर मंडपातला प्रत्येक उडालेला फ्यूज माझ्याच नावावर जमा होतो. यंदा सचिवांनी मला मागून उचलून पुढे माइकसमोर उभं केलं आहे. बोलायची सवय नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

विषयाचं कारण सांगतो. आपल्या मंडळातली काही मंडळी दिवाळीनंतर बसनं नर्मदा परिक्रमेला निघणार आहेत. दोघं जण तर पायी जाणार आहेत. गेल्या महिन्याभरात यातल्या निदान पाच-सहा जणांनी मला एकच प्रश्न विचारला, "प्रवासात फोटो ठेवायला काय घेऊ? हार्ड डिस्क घेऊ, पेन ड्राइव्ह घेऊ, की मोठं कार्ड?" प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच सगळ्यांसमोर बोलावं, असं सचिवांनी सुचवलं.

पण या प्रश्नाचं उत्तर मी जे शिकलो, ते दुकानात शिकलो नाही. नुकसान सोसून शिकलो. म्हणून आधी ते सांगतो.

२०१२ सालच्या हिवाळ्यात मी आई-बाबांना घेऊन बसनं परिक्रमा केली. आपल्या ग्वारीघाटावरून निघालो, अमरकंटकला वळलो, दक्षिण तटानं ओंकारेश्वर, तिथून पुढे समुद्राकडे. त्याच वर्षी मी नवा कॅमेरा घेतला होता. कार्ड होतं फक्त ८ जीबीचं. म्हणून मोठ्या हुशारीनं ५०० जीबीची एक पोर्टेबल हार्ड डिस्क घेतली आणि मेहुण्याचा छोटा लॅपटॉप मागून घेतला. दर दोन-तीन दिवसांनी मुक्कामावर बसायचं, कार्डावरचे फोटो हार्ड डिस्कवर टाकायचे, कार्ड फॉरमॅट करायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रिकामं कार्ड घेऊन निघायचं. बसमधले लोक कौतुकानं बघायचे. मीही जरा मिरवून घेतलं.

परिक्रमेत नर्मदा ओलांडायची नसते, त्यामुळे तिच्या मुखापाशी समुद्राच्या खाडीतून होडीनं पैलतीराला जावं लागतं. आमच्या होडीत माणसं दाटीवाटीनं बसली होती. बाबा टोकाला बसले होते, डोक्याला मफलर, हात जोडलेले, आणि चेहऱ्यावर असं काही समाधान की मी तसं त्यांच्या चेहऱ्यावर आधी कधी पाहिलं नव्हतं. मी सात-आठ फोटो काढले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर बाबांना दाखवले. ते म्हणाले, "हा मोठा करून घे रे."

पुढे महेश्वरच्या धर्मशाळेत रात्री नेहमीप्रमाणे कॉपी करत बसलो होतो. कॉपी झाली, कार्ड फॉरमॅट केलं, हार्ड डिस्क चालूच होती. कुणीतरी जेवायला हाक मारली. मी उठलो, पाय केबलमध्ये अडकला आणि हार्ड डिस्क टेबलावरून खाली फरशीवर आली. उंची अडीच फूट असेल. परत जोडली तर आतून टिक-टिक, टिक-टिक असा आवाज. नंतर तीही बंद. अमरकंटकपासून महेश्वरपर्यंतचा एकही फोटो माझ्याकडे उरला नाही. दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्यानं बरेच दिवस ठेवून घेतली आणि आतल्या तबकडीलाच ओरखडे गेले आहेत, काही निघणार नाही, असं सांगून परत दिली.

आई त्या वेळी म्हणाली, "फोटो गेले तर गेले, परिक्रमा तर पदरात पडली ना." २०१४ साली बाबा गेले. त्यानंतर वर्षभरानं आईनंच मला हळूच विचारलं, "अरे, तो होडीतला फोटो कुठूनच मिळणार नाही का?" त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

मंडळी, हे ऐकून बरेच लोक म्हणतात, "हार्ड डिस्कच वाईट, दुसरं काहीतरी घ्यायला हवं होतं." मीही सुरुवातीला हेच म्हणायचो. पण विचार करता लक्षात आलं की चूक यंत्राची कमी आणि माझी जास्त होती. मी समजत होतो, मी फोटोंची कॉपी करतो आहे. प्रत्यक्षात मी फोटोंची बदली करत होतो. आम्हा रेल्वेवाल्यांना बदली चांगली माहीत असते. माणूस या स्टेशनवरून उठून त्या स्टेशनवर जातो, पण माणूस एकच राहतो. माझे फोटोही एका जागेवरून उठून दुसऱ्या जागेवर गेले होते. कुठल्याही क्षणी ते एकाच ठिकाणी होते. ती एक जागा फरशीवर पडली आणि खेळ संपला.

सिग्नलच्या कामात आम्हाला पहिल्या दिवसापासून एक गोष्ट शिकवतात. वायर तुटो, वीज जावो, रिले बिघडो, सिग्नल लालच झाला पाहिजे. बिघाड झाला तर गाडी थांबेल, पण अपघात होता कामा नये. फोटो साठवायच्या कुठल्याही यंत्राला अशी सोय नाही. ते बिघडलं की लाल दिवा लागत नाही, थेट अपघातच होतो. म्हणून सुरक्षितता यंत्राच्या आत शोधू नका, ती आपल्या पद्धतीत आणा. पद्धत सोपी आहे. प्रत्येक फोटो प्रवासात कायम दोन वेगवेगळ्या वस्तूंवर असला पाहिजे. जागा करण्यासाठी यंत्र घेऊ नका, जोडी करण्यासाठी घ्या. आजच्या भाषणाचं सार एवढंच. आता खरेदीकडे वळू.

सगळ्यात आधी कागद-पेन्सिल घेऊन हिशोब करा. किती जागा लागणार हे न काढताच आपण दुकानात जातो आणि दुकानदार जे काढून देईल ते घेऊन येतो. साध्या मोबाइलचा फोटो २ ते ४ एमबीचा असतो. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातला चांगल्या दर्जाचा जेपीईजी फोटो साधारण १० एमबीचा. रॉ पद्धतीनं काढत असाल तर २५ ते ३० एमबी धरा. नेहमीच्या फुल एचडी व्हिडिओला मिनिटाला सुमारे १३० एमबी लागतात आणि फोर-के व्हिडिओला त्याच्या दुप्पट-तिप्पटही लागू शकतात.

आता समजा, बसची परिक्रमा १८ दिवसांची आहे. रोज १५० फोटो म्हणजे दीड जीबी. रोज दहा मिनिटं व्हिडिओ म्हणजे १.३ जीबी. रोजचे झाले २.८ जीबी आणि १८ दिवसांचे सुमारे ५० जीबी. म्हणजे ६४ जीबीच्या एका कार्डावर सगळी परिक्रमा मावते! पण लक्षात ठेवा, कार्डावर ६४ लिहिलेलं असलं तरी मशीन ५९ च्या आसपासच दाखवतं. दुकानदारानं फसवलेलं नसतं. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि कॉम्प्युटर १०२४ च्या पटीत. एक टीबीची डिस्क याच कारणानं ९३१ जीबी दिसते.

हा हिशोब ऐकून गंमत वाटेल अशी एक गोष्ट सांगतो. जगातली पहिली विक्रीला आलेली हार्ड डिस्क आयबीएमनं १९५६ साली बनवली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, वजन सुमारे टनभर, आणि मावायचे किती, तर पावणेचार एमबी. म्हणजे आजच्या मोबाइलचा एक फोटो! तेव्हा जागेची काळजी करण्याचे दिवस खरोखर संपले आहेत. आता काळजी करायची ती टिकण्याची.

त्यामुळे माझा पहिला सल्ला हा की, काही महिन्यांपूर्वी घेतलेलं कार्ड रिकामं करण्याच्या भानगडीत पडूच नका. सगळा प्रवास मावेल एवढी कार्डं घ्या आणि घरी परत येईपर्यंत एकही कार्ड फॉरमॅट करू नका. मी २०१२ साली हार्ड डिस्कऐवजी आणखी चार-पाच कार्डं घेतली असती आणि भरलेली कार्डं बाजूला ठेवली असती, तरी बाबांचा फोटो आज माझ्या घरात असता.

कार्ड घेताना तीन गोष्टी बघा. पहिली, तुमचा कॅमेरा ते कार्ड ओळखतो का? ३२ जीबीपर्यंतची एसडीएचसी कार्डं २००६ साली आली. त्यापुढची, म्हणजे ६४ जीबी आणि वरची एसडीएक्ससी कार्डं २००९ सालची. घरात जुना कॅमेरा असेल तर तो ६४ चं कार्ड नाकारू शकतो, तेव्हा कॅमेरा बरोबर घेऊन दुकानात जा. दुसरी गोष्ट वेग. कार्डावरचा मोठ्या अक्षरातला आकडा बहुधा वाचण्याचा वेग असतो. आपल्याला लिहिण्याचा हवा असतो. त्यासाठी गोलातला १० किंवा व्ही-३० अशी खूण शोधा. १० म्हणजे सेकंदाला किमान १० एमबी, व्ही-३० म्हणजे किमान ३० एमबी. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, खरेपणा. बाजारात खोटी कार्डं आणि खोटे पेन ड्राइव्ह पुष्कळ आहेत. आत ८ किंवा १६ जीबीची चिप असते आणि कॉम्प्युटरला मात्र ते ५१२ सांगतं. खरी जागा भरली की पुढचे फोटो वाया जातात, आणि आपल्याला ते घरी आल्यावर कळतं. म्हणून नवीन कार्ड घरीच एकदा पूर्ण भरून बघावं. त्यासाठी एचटूटेस्टडब्ल्यू आणि एफ-थ्री असे फुकट मिळणारे प्रोग्रॅम आहेत. ते कार्ड काठोकाठ भरतात आणि परत वाचून ताडून बघतात. घरातल्या मुलांना सांगा, ती करून देतील.

आता जोडीतला दुसरा गडी. तो कुठला घ्यायचा?

पूर्वीची आठवण काढायची तर माझ्या नोकरीच्या सुरुवातीला लोक फोटो स्टुडिओत जाऊन कार्डावरून सीडी लिहून घ्यायचे. ७०० एमबीची सीडी, नंतर ४.७ जीबीची डीव्हीडी. २००४ च्या सुमारास कार्ड घालायची खाच आणि छोटा पडदा असलेली, फोटो साठवायची खास यंत्रंही मिळू लागली. त्यांच्या पोटात ४० जीबीची हार्ड डिस्क असायची. पुढे मोबाइल मोठे झाले आणि त्या यंत्रांची गरजच संपली. आज आपल्यासमोर मुख्यतः तीन पर्याय आहेत. पेन ड्राइव्ह, हार्ड डिस्क आणि एसएसडी.

हार्ड डिस्कच्या आत तबकडी फिरते, साधारण मिनिटाला ५४०० फेरे. तिच्यावर वाचणारं डोकं तबकडीला न चिकटता हवेच्या पातळ थरावर तरंगत असतं. हे अंतर केसाच्या जाडीच्याही हजारो पटींनी कमी असतं. बंद असताना डिस्क बऱ्यापैकी धक्के सोसते, चालू असताना नाही. म्हणून चालत्या बसमध्ये किंवा गाडीच्या वरच्या बर्थवर बसून हार्ड डिस्कवर कॉपी करू नका. आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. डोकं हवेवर तरंगतं, म्हणजे हवा विरळ झाली की त्याचा आधार कमी होतो. बहुतेक साध्या हार्ड डिस्कच्या माहितीपत्रकात वापरायची कमाल उंची सुमारे ३,००० मीटर दिलेली असते. केदारनाथ आणि लेह, दोन्ही साडेतीन हजार मीटरच्या आसपास आहेत. खारदुंग ला तर ५,००० च्या वर. हिमालयात जाणाऱ्यांनी हार्ड डिस्क घरीच ठेवावी हे बरं.

एसएसडीत फिरणारं काहीच नाही. सगळं चिपमध्ये, विजेच्या भाराच्या रूपात. आकार पत्त्याच्या कॅटाएवढा किंवा त्याहून लहान, वजन अगदी थोडं, खाली पडली तरी बहुधा काही होत नाही. उंचीचाही तिला त्रास नाही. प्रवासासाठी आज माझं मत एसएसडीलाच आहे. मात्र ही वस्तू लिहून कपाटात पाच-सात वर्षं ठेवून द्यायची नव्हे. चिपमधला भार वर्षानुवर्षं वीज न मिळाल्यास हळूहळू गळू शकतो. म्हणजे प्रवासाला एसएसडी आणि घरी कपाटात हार्ड डिस्क, अशी कामाची वाटणी करावी.

पेन ड्राइव्हमध्येही तशीच चिप असते, पण स्वस्त पेन ड्राइव्हमध्ये फार दर्जेदार नसते. शिवाय ते खिशातून कधी पडतं ते कळत नाही. ५० जीबीचं काम असेल आणि खर्च टाळायचा असेल तर चांगल्या कंपनीचं १२८ जीबीचं घ्या. दोन तोंडांचं मिळतं, एक मोबाइलला बसतं, एक कॉम्प्युटरला.

(या ठिकाणी मागच्या रांगेतून एका काकूंनी विचारलं, "अहो, पण आम्ही तर सगळे फोटो मोबाइलवरच काढतो. ते आपोआप वर चढतात म्हणे.")

काकू, फार चांगला प्रश्न विचारलात. चढतात, पण तीन अटींवर. पहिली अट, जागा. गूगल फोटोजवर अमर्याद फुकट साठवण होती, ती १ जून २०२१ पासून बंद झाली. आता एका खात्याला १५ जीबी फुकट मिळतात, त्यातच तुमची ईमेलही बसते. दुसरी अट, नेटवर्क. दिवसाचे २.८ जीबी पाठवायला ५ एमबीपीएसचा वेग सलग मिळाला तरी सव्वा तास लागतो. शूलपाणीच्या झाडीत किंवा घाटावरच्या आश्रमात हा वेग कुठून मिळणार? तिसरी अट फार जणांना चटका लावते. मोबाइलमधून फोटो पुसला की बऱ्याचदा वरचाही पुसला जातो, कारण दोन्ही एकमेकांशी जोडलेले असतात. तेव्हा वर चढलेले फोटो ही तिसरी प्रत समजा. मिळाली तर उत्तम, पण तिच्या भरवशावर राहू नका.

आणि हो, व्हॉट्सॲपवर मुलाला पाठवले म्हणजे सांभाळले असं समजू नका. तिथे फोटो नेहमीच्या पद्धतीनं पाठवला की तो दाबून लहान केला जातो. मोबाइलवर छान दिसतो, पण मोठा करून भिंतीवर लावायला गेलात की फाटतो. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मग मूळ फोटो जसाच्या तसा जातो.

कॉपी करायला हल्ली लॅपटॉप लागत नाही. मोबाइलला कार्ड रीडर आणि एसएसडी एकत्र जोडता येईल असा छोटा हब मिळतो. फक्त एक करा. सगळं सामान घरी आणा, आपल्याच मोबाइलला जोडून बघा. एसएसडी एक्सफॅट पद्धतीनं फॉरमॅट केलेली असेल तर हल्लीचे बहुतेक मोबाइल आणि कॉम्प्युटर ती वाचतात, पण काही जुने मोबाइल वाचत नाहीत. साध्या हार्ड डिस्कला तर पुष्कळदा मोबाइलची वीजच पुरत नाही. म्हणून परिक्रमेला निघण्याआधी एका रविवारी भेडाघाटला जा, धुआंधारचे शंभर फोटो काढा आणि संध्याकाळी घरी येऊन न विचारता, न अडखळता कॉपी करून दाखवा. ही रंगीत तालीम झाल्याशिवाय गाडीला हिरवा सिग्नल देऊ नका.

कॉपी झाली हे कसं ओळखायचं? आमच्याकडे दोन स्टेशनांचे स्टेशन मास्तर गाडीबद्दल बोलतात तेव्हा नुसतं "ठीक आहे" म्हणून चालत नाही. ते एकमेकांना प्रायव्हेट नंबर देतात, दोन्हीकडे तो लिहून ठेवला जातो, मगच बोलणं पक्कं झालं असं मानतात. फोटोंचंही तसंच करा. कार्डावर किती फोटो आहेत आणि एकूण किती जीबी, हे एका डायरीत लिहा. कॉपी झाल्यावर दुसऱ्या बाजूला तेच दोन आकडे बघा. जुळले तर पहिला, मधला आणि शेवटचा असे तीन फोटो उघडून पूर्ण दिसतात का ते पाहा. मग इजेक्ट करून केबल काढा. पाच मिनिटांचं काम आहे. दमलेले असलात तरी जेवणाआधी करा. माझ्यासारखी जेवणाची हाक येऊ देऊ नका.

दोन प्रती झाल्या, पण दोन्ही एकाच पिशवीत ठेवल्या तर पिशवी हरवली की दोन्ही गेल्या. कार्ड स्वतःच्या अंगावर आणि एसएसडी सौभाग्यवतींच्या पर्समध्ये, अशी विभागणी करा. निदान हे एक खातं तरी त्यांच्या ताब्यात सुरक्षित राहतं, हा सर्वांचा अनुभव असेल! होडीतून जाताना दोन्ही वस्तू झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत घालून तोंड पक्कं बंद करा. कार्ड खाऱ्या पाण्यात भिजलंच तर घाईनं मोबाइलमध्ये घालू नका. स्वच्छ गोड्या पाण्यात विसळा, पुसा, एक-दोन दिवस सावलीत पूर्ण वाळू द्या, मग बघा. कार्डं पुष्कळदा यातून वाचतात. चुकून फोटो पुसले गेले तर त्या कार्डावर पुढे एकही फोटो काढू नका. कार्ड बाजूला ठेवा. जोवर वर नवीन काही लिहिलं जात नाही, तोवर फोटोरेक सारख्या फुकट प्रोग्रॅमनं पुसलेले फोटो बऱ्याचदा परत मिळतात.

आता तुम्ही म्हणाल, इतकं सांगितलं, पण नेमकं घ्यायचं काय? तर ऐका.

पायी परिक्रमेला जाणाऱ्या दोघांनी वजन आणि वीज यांचा विचार आधी करावा. आश्रमात रात्री चार्जिंगला एकच प्लग आणि वीस मोबाइल असतात. त्यांनी मोबाइल, चांगल्या कंपनीचं दोन तोंडांचं पेन ड्राइव्ह आणि एक पॉवर बँक घ्यावी. दर आठवड्याला कॉपी करावी. मोबाइलमधले फोटो पुसू नयेत. महिन्या-दोन महिन्यांनी घरचं कुणी भेटायला आलं तर भरलेलं पेन ड्राइव्ह त्याच्याबरोबर घरी धाडावं आणि नवीन घ्यावं.

बसनं जाणाऱ्यांनी सगळा प्रवास मावेल एवढी कार्डं आणि ५०० जीबीची एसएसडी घ्यावी. सहा-सात जण एकत्र आहात, तर प्रत्येकानं एसएसडी घ्यायची गरज नाही. दोन घेतल्या तरी पुरे. प्रत्येकाच्या नावाचा फोल्डर करा आणि रोज रात्री आळीपाळीनं कॉपी करा. यात एक फायदा आपोआप होतो. तुमच्या आई-बाबांचे जे फोटो दुसऱ्यानं काढले, तेही तुमच्या घरी येतात. आमच्या बसमधल्या एका काकूंच्या मोबाइलमधून मला नऊ फोटो मिळाले होते. त्यातल्या एकात बाबा आहेत, पाठमोरे. तेवढाच एक.

लडाख-केदारनाथला जाणाऱ्यांनी हार्ड डिस्क टाळावी, एसएसडी घ्यावी. थंडीत बॅटरी लवकर उतरते, तेव्हा कॉपी करताना मोबाइल निम्मा तरी चार्ज असू द्या.

घरी आल्यावरही काम संपत नाही. कार्डं लगेच फॉरमॅट करू नका. आधी घरच्या कॉम्प्युटरवर किंवा हार्ड डिस्कवर उतरवा. जाणकारांमध्ये ३-२-१ असा नियम सांगतात. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या वस्तूंवर, त्यातली एक घराबाहेर. ती घराबाहेरची प्रत पुण्याच्या बहिणीकडे किंवा नागपूरच्या भावाकडे ठेवा, त्यांची एक तुमच्याकडे ठेवा. वर्षातून एकदा, समजा गणपतीची आरास काढताना, सगळ्या डिस्क जोडून उघडतात का ते बघा. आणि सगळ्यात शेवटी, जे दहा-वीस फोटो खरोखर जपायचे आहेत, ते कागदावर छापून घ्या. कागदाला ना केबल लागते, ना चार्जर.

मी स्वतः आता हेच करतो. २०१८ साली आईला घेऊन पुन्हा त्याच खाडीत होडीनं गेलो. तिचे फोटो काढले. रात्री मुक्कामावर आकडे जुळवले, कार्ड खिशात, एसएसडी बायकोच्या पर्समध्ये. आईनं बघितलं आणि विचारलं, "झाले का दोन्हीकडे?" मी म्हटलं, "हो, झाले." मग ती निवांत झोपली. त्यातला एक फोटो छापून आमच्या देवघराशेजारी लावला आहे. त्याच्या शेजारी बाबांचा तो पाठमोरा फोटो आहे.

परिक्रमेला निघालेल्या सर्वांना माझ्या शुभेच्छा. रोज रात्री झोपण्याआधी स्वतःला आईचा तो प्रश्न विचारा, "झाले का दोन्हीकडे?" सामान जोडून बघायला कुणाला मदत लागली तर मी अनंत चतुर्दशीपर्यंत रोज इथेच, वायरिंगच्या बोर्डापाशी सापडेन.

नर्मदे हर!

गणपती बाप्पा मोरया!